अवघ्या दोन दिवसांसाठी नाकारलेला स्टुडंट व्हिसा : सल्ला शुल्क व व्हिसा फी परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. संचालक,
परदेशी शिक्षण सल्ला विभाग, मुख्य कार्यालय, पुणे

दिनांक : २४ सप्टेंबर २०२५

विषय : आपल्या सांगली शाखेने मुदत पूर्ण होण्याआधीच व्हिसा अर्ज भरल्यामुळे झालेल्या नुकसानीबाबत.

महोदय,

माझ्या मुलीला इंग्लंडमध्ये, लंडनबाहेरच्या एका विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. तिचे वर्ग परवा, २२ तारखेला, घटस्थापनेच्या दिवशी सुरू झाले. ती मात्र सांगलीत घरीच आहे. ४ सप्टेंबरला व्हिसा नाकारल्याचा ईमेल आला. त्यात कारण एकच आहे : लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस नव्हती. २६ दिवस होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून ३१ मे रोजी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन विक्रीचे पैसे मिळून २४ लाख रुपये १७ जुलैला माझ्या खात्यात जमा झाले. लंडनबाहेर शिकायचे तर राहण्या-जेवणाचे महिन्याला १,१३६ पौंड, असे नऊ महिन्यांचे १०,२२४ पौंड दाखवावे लागत होते. त्यात बाकी राहिलेली ९,००० पौंड फी. म्हणजे एकूण १९,२२४ पौंड, साधारण साडेबावीस लाख रुपये. (आपल्या माहितीपत्रकात महिन्याचा आकडा अजूनही १,०२३ छापलेला आहे. तो २ जानेवारीपासून बदलला, हे शाखेत मीच दाखवून दिले होते.)

२८ दिवसांचा नियम मला माहीत होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी १७ जुलैपासून रोज पेन्सिलने एकेक आकडा टाकत गेले. १३ ऑगस्टच्या चौकोनात २८ आला, त्याला लाल गोल केला. तो कागद अजून तसाच आहे, फोटो सोबत जोडला आहे. १४ तारखेला अर्ज भरायचा, असे माझे आणि मुलीचे ठरले होते.

११ ऑगस्टला सोमवारी सकाळी आपल्या समुपदेशकांचा फोन आला. १४ तारखेचा बायोमेट्रिकचा स्लॉट दिसतोय, बँकेतून आजचे स्टेटमेंट आणा, आजच सबमिट करू. मी लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारले, "आज २६ दिवसच होतात ना?" उत्तर आले : "काकू, टेन्शन घेऊ नका. २८ दिवस ही फक्त फॉर्मॅलिटी आहे, तिकडे कोणी मोजत बसत नाही. बऱ्याच देशांच्या मुलांकडून तर कागदच मागत नाहीत." हा संदेश मी जपून ठेवला आहे.

काही देशांच्या विद्यार्थ्यांना अर्जासोबत बँकेचे कागद न जोडण्याची सवलत आहे, हे खरे. पण भारत त्या यादीत नाही. २०१८ साली ती यादी वाढवली तेव्हा चीन आत गेला, भारत बाहेर राहिला आणि त्यावर वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ झाला होता. महाराष्ट्रातून दरवर्षी मुले पाठवणाऱ्या कंपनीला एवढे माहीत नसावे, हे मला पटत नाही.

घाईचे कारणही नव्हते. निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. १४ ऑगस्टला अर्ज गेला असता तरी वर्ग सुरू होण्याआधी दोन आठवडे हातात राहिले असते. बाकी सगळे कागद आम्ही चोख केले होते. खाते माझे म्हणून नगरपालिकेचा तिचा मराठी जन्मदाखला प्रमाणित भाषांतरासह जोडला, माझे संमतीपत्र दिले, टीबीच्या तपासणीचे प्रमाणपत्र आणले. त्या अर्जात चूक एकच होती, आणि ती आपल्या माणसाच्या सांगण्यावरून झाली.

मे महिन्यात आम्ही शैक्षणिक कर्जाचेही विचारले होते. बँकेचे मुलीच्या नावे मंजुरीपत्र असेल तर त्या रकमेला २८ दिवसांची अट लागत नाही. पण "कर्जाच्या भानगडीत पडू नका, वेळ जातो," असे सांगून शाखेने आम्हाला थांबवले.

निकालाविरुद्ध फेरतपासणी मागता येते, पण ती अधिकाऱ्याची चूक असेल तरच. इथे अधिकाऱ्याची चूक नाही. नव्या अर्जाला विद्यापीठाचा नवा सीएएस क्रमांक (प्रवेश पक्का असल्याच्या विद्यापीठाच्या दाखल्याचा क्रमांक) हवा, आणि या सत्रासाठी तो देण्याची मुदत उलटून गेली होती. विद्यापीठाने प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी अर्जासोबत भरलेल्या आरोग्य अधिभाराचे १,१६४ पौंड परत मिळतात. व्हिसा फीचे ५२४ पौंड, म्हणजे साठ हजारांहून जास्त रुपये, बुडाले.

पैशांपेक्षाही एका गोष्टीने मला जास्त हादरवले. ८ सप्टेंबरला आम्ही शाखेत गेलो तेव्हा तेच समुपदेशक मुलीला म्हणाले, "दुसऱ्या देशाला अर्ज कर आणि या रिजेक्शनचा उल्लेख करू नकोस." यापुढे ती दुसऱ्या देशाचा अर्ज भरेल तेव्हा आधी कधी व्हिसा नाकारला आहे का, हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी येणारच. खोटे उत्तर सापडले तर ब्रिटनमध्ये दहा वर्षांची बंदी लागू शकते. बावीस वर्षांच्या मुलीला, तिच्या आईसमोर बसवून, आपला माणूस हे सांगत होता. तिने तिथल्या तिथे "मी खोटं लिहिणार नाही" असे सांगितले आणि उठली.

शाखा व्यवस्थापक म्हणाले, व्हिसा देणे आमच्या हातात नसते आणि करारात "परतावा नाही" असे कलम आहे. व्हिसा मिळवून द्या, असे मी कधी म्हटलेच नव्हते. अर्ज कधी भरायचा ते नीट सांगा, यासाठी मी ४५,००० रुपये मोजले होते.

माझे म्हणणे असे : सल्ला शुल्काचे ४५,००० रुपये आणि व्हिसा फीची पूर्ण रक्कम परत करावी. २६व्या दिवशी अर्ज आपल्या शाखेच्या सल्ल्यावरून भरला गेला, असे कंपनीच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. पुढच्या अर्जासोबत ते पत्र तिला जोडायचे आहे, म्हणून मला ते पैशांइतकेच महत्त्वाचे आहे. मुलीच्या मूळ गुणपत्रिका शाखेत आहेत, त्या ताबडतोब द्याव्यात. आणि नकार लपवायला सांगणाऱ्या समुपदेशकांना दुसऱ्या मुलांच्या फायली हाताळू देऊ नयेत.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यामुळे मला पुण्याला हेलपाटे घालावे लागणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप संदेश, बँकेचे स्टेटमेंट, नकाराचे पत्र, शुल्काची पावती आणि कॅलेंडरचा फोटो सोबत जोडला आहे.

कळावे.

आपली,
अर्जदार विद्यार्थिनीची आई
(नाव, पत्ता व दूरध्वनी नोंदणी अर्जाप्रमाणे)