कोण डोकावलं ते मला कळू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दूरस्थ कामातील सुरक्षिततेबद्दल आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. पासवर्ड अवघड ठेवा, मीटिंगला वेटिंग रूम लावा, लिंक जाहीरपणे टाकू नका, हे सल्ले योग्यच आहेत. पण हा सगळा बंदोबस्त बाहेरच्या घुसखोरासाठी झाला. एका संस्थेत लोकांना सामायिक फोल्डर, मीटिंग आणि चॅट ग्रुपचा ॲक्सेस देणं आणि काढणं हे माझं रोजचं काम आहे. तिथे बसून दिसतं ते जरा वेगळं आहे. घुसखोराची तक्रार क्वचितच येते. तक्रारी येतात त्या रीतसर परवानगी असलेल्यांबद्दल, आणि विचारणाऱ्याचा प्रश्न बहुधा एकच असतो: ‘माझं कोणी कोणी पाहिलं?’ याचं उत्तर सिस्टिमला ठाऊक असतं, मलाही काढता येतं. ज्याचं पाहिलं गेलं त्याला मात्र ते दिसत नाही. लेखात या बाजूचा उल्लेख नव्हता म्हणून हे पत्र.

हा प्रश्न लॉकडाऊनमध्ये निर्माण झाला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो चाळीस वर्षांचा आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर झेरॉक्स कंपनीच्या पार्क (PARC) या संशोधन प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या पालो अल्टो आणि पोर्टलंड इथली आपली कार्यालयं कॅमेरे, माइक आणि पडद्यांनी कायमची जोडून पाहिली. पुढे इंग्लंडमधल्या केंब्रिज इथे, झेरॉक्सच्याच युरोपार्क प्रयोगशाळेत ‘रेव्ह’ नावाची यंत्रणा उभी राहिली. प्रत्येकाच्या खोलीत कॅमेरा, आणि सहकारी जागेवर आहे का हे पाहण्यासाठी काही सेकंद डोकावण्याची सोय. आजच्या भाषेत हे सरळ पाळत वाटेल. पण ते बांधणारे लोक स्वतःच त्या खोल्यांत बसत होते, त्यामुळे त्यांनी दोन गोष्टी केल्या. माझ्या खोलीत कोणाला डोकावू द्यायचं हे मी माणसागणिक ठरवायचं. आणि कोणी डोकावण्याच्या काही क्षण आधी माझ्या खोलीत दार उघडल्याचा आवाज व्हायचा, बघणारा गेला की दार लागल्याचा. मान वर करून पाहायची गरज नाही, हातातलं काम थांबवायची गरज नाही, तरी कळायचं.

टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच सुमारास पडद्यावर दारांची चित्रं ठेवली होती. दार सताड उघडं असेल तर सरळ या. किलकिलं असेल तर नजर टाका, पण आत यायचं तर टकटक करा. बंद असेल तर आधी टकटक. आणि एक दार असं की तिथे टकटकही चालायची नाही. आज आपल्या नावापुढे हिरवा, पिवळा, लाल ठिपका असतो. तो आपण किती उपलब्ध आहोत हे साऱ्यांना सांगतो. आपल्याकडे कोण बघतंय हे आपल्याला सांगत नाही. चाळीस वर्षांत चित्र स्पष्ट झालं, आवाज सुधारला, आणि दाराचा आवाज तेवढा हरवला!

व्हिक्टोरिया बेलॉटी आणि ॲबिगेल सेलन या संशोधकांनी १९९३ साली या अनुभवावर एक निबंध लिहिला. माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं असं की अशा यंत्रणेत माणसाला दोन गोष्टी मिळायलाच हव्यात: आपली कोणती माहिती टिपली जातेय, तिचं पुढे काय होतंय, ती कोणाच्या हाती जातेय आणि कशासाठी, याची जाणीव, आणि ते थांबवण्याचा अधिकार. समोरासमोर बसलेल्यांना हे फुकट मिळतं. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्हाला ते दिसतं. तारेवरून काम सुरू झालं की बघणाऱ्याचं शरीर गळून पडतं आणि नजर तेवढी उरते.

आजच्या साधनांत यातलं काय उरलं आहे? रेकॉर्डिंग सुरू झाल्याची सूचना येते, ते चांगलंच. पण मीटिंग संपल्यावर ते रेकॉर्डिंग, त्याचा शब्दशः मजकूर आणि चॅट सर्व्हरवर राहतं, आणि महिन्याभराने ते कोणी उघडलं हे मीटिंगमध्ये बोललेल्या माणसाला कोणी कळवत नाही. गूगल डॉक्समध्ये फाइल कोणी पाहिली ते दाखवणारा डॅशबोर्ड आहे, पण तो संस्थांच्या खात्यांसाठी. त्यातही एक गंमत आहे: आपण पाहिल्याची नोंद दिसू द्यायची की नाही, हे बघणारा स्वतःच्या सेटिंगमध्ये ठरवू शकतो. युरोपार्कच्या बरोबर उलट.

वरच्यांची, म्हणजे यजमान आणि वरिष्ठांची, नजर मात्र चांगली तीक्ष्ण होत गेली. झूममध्ये एकेकाळी अशी सोय होती की स्क्रीन शेअर चालू असताना कोणाची खिडकी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ मागे गेली तर यजमानाला खूण दिसायची. टीका झाल्यावर एप्रिल २०२०मध्ये ती काढली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टला आपल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मधून, म्हणजे कामाची साधनं किती वापरली जातात हे संस्थेला दाखवणाऱ्या मोजमापातून, कर्मचाऱ्यांची नावं वगळावी लागली. दोन्ही ठिकाणी ओरड झाली म्हणून बदल झाला, हे विसरून चालणार नाही.

आता परवानग्यांकडे येतो, कारण माझा दिवस त्यातच जातो. एखाद्या फाइलची शेअरची खिडकी उघडून पाहा. वर चार नावं, खाली एका ग्रुपचं नाव, आणि त्याखाली ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय. फाइलचा मालक चार नावं वाचून निर्धास्त होतो. पण त्या ग्रुपमध्ये दुसरा ग्रुप असतो, त्यात जुन्या प्रकल्पावर आलेले कंत्राटी लोक असतात, आणि वरच्या फोल्डरची परवानगी खालच्या फाइलला आपोआप लागू झालेली असते. लिंकचं तर बोलायलाच नको. ती मेलमधून चॅटमध्ये आणि तिथून कोणाच्या कॅलेंडरमध्ये जाते. ‘आत्ताच्या आत्ता ॲक्सेस द्या, साहेब खोळंबलेत’ असा फोन मला रोज येतो. ‘आमचं काम झालं, आता काढून घ्या’ असा फोन आलेला आठवत नाही. प्रकल्प संपतो, परवानगी तशीच राहते.

सॉल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं होतं की गरजेपुरताच अधिकार द्यावा आणि मुळातली स्थिती ‘प्रवेश नाही’ अशी असावी. झूमने पासवर्ड आणि वेटिंग रूम अनेक खात्यांना आपोआप लागू केली ती एप्रिल २०२०मध्ये, अनोळखी लोक मीटिंगांत शिरून धुमाकूळ घालू लागल्यानंतर. दोन्ही सोयी आधीपासून होत्या, फक्त चालू करायच्या राहिल्या होत्या. माणूस सेटिंग बदलत नाही. जे आधीपासून निवडलेलं असतं तेच तो वापरतो. म्हणून परवानगीला मुदत मुळातच असावी आणि ती वाढवण्यासाठी कोणीतरी हात हलवावा लागावा, असं मला ठामपणे वाटतं. काढण्यासाठी हात हलवावा लागला की तो हलत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की प्रत्येक नजरेची सूचना द्यायला लागलो तर लोक वैतागतील. वैतागतीलच, पण प्रत्येक वेळी पडद्यावर चौकट उसळायची गरज नाही. प्रत्येकाला स्वतःपुरती उघडता येईल अशी एक नोंद पुरे: तुमची फाइल, तुमचं रेकॉर्डिंग, तुमचं चॅट अमुक खात्याने अमुक वेळी उघडलं. ही नोंद ठेवली जातेच, ऑडिट लॉग या नावाने. ती फक्त चुकीच्या माणसाला दाखवली जाते. चौकशी चालू असताना काही गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात, मान्य. त्यासाठी लेखी कारण आणि ठरावीक मुदत असावी, कायमचा पडदा नको.

‘लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली?’ असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सुचवतो की मग बघणाऱ्यानेही आपलं नाव लपवू नये.

कंपन्या आणि संस्था ही साधनं विकत घेताना एका वेळी किती जण बसतील आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहील हे बारकाईने विचारतात. आपल्या दैनिकाने या विषयावर पुन्हा लिहिलं तर वाचकांना आणखी एक प्रश्न विचारायला सांगावा: ‘ॲडमिनने माझं रेकॉर्डिंग उघडलं, तर मला ते कुठे दिसेल?’ मी स्वतः ॲडमिन आहे. तरीही हा प्रश्न मला विचारला जावा अशी माझी इच्छा आहे.

आपला,
एक वाचक
(नाव न छापण्याची विनंती)