गणेश पेठेतील बेकरीवाल्या चाचांना आभारपत्र

आदरणीय चाचा,

सप्रेम नमस्कार.

आभार मानण्यासाठी मी आजवर तीन वेळा दुकानात आले आणि तिन्ही वेळा तुम्ही "बेटी, आधी पोरगी कशी आहे ते सांग" असे म्हणून विषय बदललात. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, दोन दिवाळ्यांमध्ये ज्यांनी आमची नानकटाई विकत घेतली, त्यांना ती कोणाच्या भट्टीत भाजली गेली हे कळायला हवे असे मला मनापासून वाटते. तुमचे आणि बेकरीचे नाव लिहू नये, ही तुमची अट मात्र मी पाळत आहे.

जुलै 2022 मध्ये माझ्या सात वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, झाल्याचे निदान झाले. लहान मुलांमधला हा कर्करोग बरा होण्याची शक्यता चांगली असते, परंतु उपचार सुमारे अडीच वर्षे चालतात आणि ते मध्येच सोडता येत नाहीत, असे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगितले होते. उपचारांचा मोठा भाग शासकीय योजनेतून आणि नातेवाइकांच्या मदतीतून भागला. तरीही वरचेवर कराव्या लागणाऱ्या तपासण्या, बाहेरून आणायची औषधे, आठवड्यातून दोन-दोन वेळा रिक्षाने जाणे-येणे आणि यजमानांना घ्यावी लागलेली बिनपगारी रजा, यांचा मेळ काही केल्या बसेना. हात पसरायची माझी तयारी होती, पण सासूबाई म्हणाल्या की आपल्याला नानकटाई येते, ती विकू.

कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत 28 लिटरचा एक ओव्हन आहे. त्यात एका वेळी एकच ट्रे बसतो, म्हणजे पंधरा नानकटाया. सुरुवातीला ओळखीच्यांनी अर्धा किलो, किलो असे मागवले, मग त्यांच्या ओळखीच्यांनी, आणि दिवाळीच्या ऑर्डरी येऊ लागल्या तेव्हा आकडा चाळीस किलोंच्या वर गेला. त्याच सुमारास मुलीचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खाली आले. किमोमुळे पांढऱ्या पेशी इतक्या कमी होतात की साधा तापसुद्धा जिवावर बेतू शकतो, आणि ताप आला की रात्र असो वा पहाट, ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. डॉक्टरांनी घरातली बाहेरच्यांची ये-जा पूर्ण बंद करायला सांगितली. पाकिटे न्यायला येणारी माणसे दारात उभी राहत, त्यांना नाही म्हणावे तर ऑर्डर जाणार आणि हो म्हणावे तर मुलीला धोका, अशा कात्रीत आम्ही सापडलो होतो.

तुमच्या भट्टीची आठवण सासूबाईंना झाली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पेठांमधल्या बायका दिवाळीआधी मैदा, तूप, साखर घरून घेऊन बेकरीत जात, तिथेच नानकटाई थापून ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवत आणि संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात भरून घरी नेत. सासूबाईंचे ट्रे तुमच्या वडिलांनी भाजले होते. त्या ओळखीवर, खरे तर निव्वळ त्या आठवणीवर, आम्ही दोघी सप्टेंबरच्या एका दुपारी तुमच्याकडे आलो. तुम्ही सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "तूप साजूक आहे ना? डालडा असेल तर माझ्या भट्टीत नको."

त्यानंतर तुम्ही ज्या दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी तोवर केल्या नव्हत्या. पहिली म्हणजे अन्न परवाना. त्या वेळी, 2022 मध्ये, 12 लाखांच्या आत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्यांसाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी असे आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये होते, हे मला तुमच्याकडून कळले. आजारी मुलासाठी करतो आहोत म्हणून लोक चालवून घेतील, असे मी म्हणताच तुम्ही म्हणालात की, लोकांनी चालवून घ्यावे असा माल आपण विकायचाच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पाकिटे घरून न देता तुमच्या काउंटरवरून द्यायची. त्या दिवसापासून आमच्या दारात एकही गिऱ्हाईक आले नाही. मुलीसाठी याचे मोल किती होते, हे फक्त आम्हाला ठाऊक आहे.

घरच्या ओव्हनचे बटण 160 वर फिरवले की माझे काम होत असे. तुमच्याकडे बटण नाही. पहाटेचे पाव आणि मग टोस्ट निघाले की भट्टी निवू लागते, आणि दुपारी दोनच्या सुमारास तुम्ही तिच्या तळाच्या फरशीवर चिमूटभर मैदा टाकून तोंडातल्या तोंडात आकडे मोजता. मैदा लगेच काळा पडला तर भट्टी अजून पावाची आहे, आणि सावकाश बदामी झाला तर ती नानकटाईची झाली. तो रंग ओळखायला मला पंधरा दिवस लागले. पहिल्या दिवशी तर भट्टीच्या खोलीतल्या उष्म्याने माझे फेसलेले तूप पातळ झाले आणि दोन ट्रे पोळीसारखे पसरले. सहा किलोंचा माल वाया गेला असे वाटून मला रडू आले. तुम्ही परात बर्फाच्या पाण्यावर ठेवायला लावलीत, तूप पुन्हा पांढरे आणि रवाळ होईपर्यंत तळहाताने फेसून घेतलेत आणि पसरलेल्या नानकटाया कामगारांच्या चहाबरोबर संपवल्यात. उरलेले चारही ट्रे नीट उतरले, वर तडा, खाली बदामी रंग आणि कडा पांढऱ्या.

17 ऑक्टोबर 2022 च्या रात्री पुण्यात जो पाऊस झाला, तो कोणीही विसरलेले नसेल. रस्त्यांवरून पाणी वाहत होते आणि दिवाळी अवघ्या आठवड्यावर आली होती. दुसऱ्या दिवशी तुमची बाहेर रचलेली लाकडे भिजली होती, तरी आतल्या कोरड्या लाकडांवर आधी पाव आणि मग आमचे चौदा ट्रे तुम्ही भाजून दिलेत, आणि त्यासाठी स्वतःची खारी त्या दिवशी केली नाहीत. हे तुम्ही मला सांगितले नाही, कामगारांकडून कळले.

आणखी एका उपकाराचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. नोव्हेंबरमध्ये मुलीच्या प्लेटलेट एकाएकी खाली आल्या. प्लेटलेट पाचएक दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे त्यांचा फार साठा करता येत नाही आणि गरज पडेल तेव्हाच दाता शोधावा लागतो. मी तुम्हाला फोन केला तो उद्याची नानकटाई रद्द करण्यासाठी. रात्रभर भट्टीवर उभे राहिलेले तुमचे दोन कामगार सकाळी नऊ वाजता रक्तपेढीत हजर होते. एकाचे हिमोग्लोबिन कमी भरले म्हणून त्याला परत पाठवले, तर दुसरा दीड तास सुई लावून यंत्रापाशी पडून राहिला आणि तिथूनच झोपायला घरी गेला. त्या दोघांनाही हे पत्र वाचून दाखवावे, ही विनंती.

पहिल्या दिवाळीत 63 किलो नानकटाई विकली गेली. लाकडाचे आणि जागेचे पैसे म्हणून मी एक पाकीट गल्ल्यावर ठेवले, तर ते घरी आल्यावर बिस्किटांच्या डब्यात तळाशी सापडले. दुसऱ्या दिवशी मी विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, "लाकूड सकाळच्या पावासाठी जळाले, त्याचे पैसे पाव घेणाऱ्यांनी दिले. दुपारी भट्टी नुसती निवत असते. निवत्या भट्टीचे भाडे कसले घेऊ?" चाचा, अनेकांनी आम्हाला पैसे दिले, त्यांचे ऋण मी मानतेच. परंतु तुम्ही मला दररोज दुपारचे तीन तास असे दिलेत की ज्यांत मी कोणाची दया घेणारी बाई नव्हते. मी तूप फेसत होते, ट्रे भरत होते, चुकले तर तुमचे बोलणे खात होते आणि संध्याकाळी स्वतःच्या कमाईचे पैसे घेऊन घरी जात होते. रुग्णालयात रात्र काढून आल्यावर त्या कामाने मला सावरले.

मुलीचे उपचार जानेवारी 2025 मध्ये पूर्ण झाले. आता ठरावीक काळाने फक्त तपासण्या असतात आणि आतापर्यंतचे सर्व अहवाल चांगले आले आहेत. केस पूर्वीपेक्षा दाट आले आहेत. रोज रात्री घ्यायच्या किमोच्या गोळीच्या आसपास दूध द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून दूध आणि नानकटाई तिला संध्याकाळी लवकर मिळत असे. गोळी बंद झाली तरी ती वेळ तिने सोडलेली नाही.

या अडीच वर्षांत तिने तुमची भट्टी एकदाही पाहिली नाही. गर्दीत, धुरात तिला न्यायची परवानगी नव्हती. माझ्या साडीला येणारा वास तेवढा तिला माहीत आहे, आणि मी घरी आले की "आज मैदा बदामी झाला का काळा" असे ती विचारत असे. आता डॉक्टरांनी हरकत नाही असे सांगितले आहे. दिवाळीआधीच्या एखाद्या दुपारी आम्ही तिघी, सासूबाई, मी आणि ती, विकण्यासाठी नव्हे तर घरच्यासाठी दोन किलोंचे साहित्य घेऊन येऊ. चिमूटभर मैदा तिला टाकू द्यावा. ट्रेवर ठेवायची चिठ्ठी तिने आत्ताच लिहून ठेवली आहे.

तुमची कृतज्ञ,
कसबा पेठेतील नानकटाईवाली बेटी