बॅलरॅटहून आप्पांना

बॅलरॅट, ऑस्ट्रेलिया
२७ एप्रिल

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, सुट्टी कसली होती? मी कामाच्या गडबडीत 'इथला सैनिकांचा दिवस' म्हणून विषय आटोपला. त्याचं नाव अँझॅक डे; अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तेव्हाच्या फौजेचं नाव. आज सवडीनं लिहितेय.

२५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची पोरं तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरली. आठ महिने झुंजली आणि शेवटी माघारी आली. म्हणजे हा दिवस हरलेल्या मोहिमेचा! आपल्या मनात पानिपत बसलंय, तसं यांच्या मनात हे. शेजारच्या आजींनी मला पहाटे पाचच्या आधीच उठवून नेलं. काळोखात, थंडीत, सगळं गाव स्मारकापाशी गप्प उभं. बिगूल वाजला तेव्हा पाळण्यातली पोरंही रडली नाहीत. नंतर आजींनी घरची अँझॅक बिस्किटं दिली: ओट, खोबरं आणि पाक. आईला सांगा, अंडं अजिबात नसतं. चव नानकटाईच्या जवळची, पण दात शाबूत हवेत.

मग त्या मला झाडांच्या रस्त्यावर घेऊन गेल्या. त्या रस्त्यानं मी रोज कामावर जाते आणि रोज वाटायचं, सावली छान आहे. २२ किलोमीटर लांब रस्ता, दोन्ही बाजूंना मिळून ३,७७१ झाडं लावलेली. या भागातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या प्रत्येकाच्या नावाचं एक. परत आलेल्यांचंही, नर्सबायांचंही. लुकास नावाच्या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या सुमारे पाचशे मुलींनी १९१७ ते १९१९ मध्ये ती लावली. रस्त्याच्या तोंडाशी कमान बांधायला पैसे हवेत म्हणून बाहुल्या करून विकल्या. झाडं लावताना हुद्दा पाहिला नाही. जो आधी भरती झाला त्याचं झाड आधी.

आजींच्या आजोबांच्या भावाचंही झाड तिथं आहे. त्यांनी गाडीतून फडकं काढलं, खालची ब्राँझची पाटी पुसली, बुडातलं गवत उपटलं. म्हणाल्या, तो फ्रान्समध्ये गेला, तिथंच पुरला. तेव्हा कुणाचाच देह घरी आणत नसत. साठ हजारांवर माणसं गेली, आणि सगळ्या देशाची वस्ती पन्नास लाखांच्या आत. मेल्याची तार आली की ती घरी पोचवायला पाद्री यायचा. त्यामुळं पाद्री गल्लीत वळला की बायका हातातलं काम टाकून खिडकीत यायच्या, कुणाचं फाटक उघडतोय ते बघायला. एखाद्या पाद्र्याला फक्त पत्ता विचारायचा असला तरी समोरची बाई खालीच बसायची, असं त्या सांगत होत्या.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. हे सगळे आपखुशीनं गेलेले. पंतप्रधान ह्यूज यांना सक्तीची भरती करायची होती, म्हणून १९१६ आणि १९१७ असं दोनदा लोकांचं मत घेतलं. ऐन युद्धात! दोन्ही वेळा लोकांनी 'नाही' म्हटलं. बायकांनाही मत होतं. घराघरात भांडणं झाली, सत्तेतला मजूर पक्ष फुटला.

आप्पा, तिथं उभी असताना मला आपल्या चावडीच्या भिंतीतला दगड आठवत होता. त्यावर एवढंच कोरलंय: या गावातून इतके लढाईला गेले, इतके कामी आले. आकडा आहे, नाव एकही नाही. आपल्या मोठ्या आजी म्हणायच्या ना, चुलता बसऱ्याच्या लढाईला गेला तो गेलाच? नाव विचारलं की 'थोरला' एवढंच. मराठा पलटणी तेव्हा इराकातच होत्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या तर तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. तिकडं बसऱ्यालाही स्मारक आहे. त्यावर साहेबांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. अशी स्मारकं सांभाळणाऱ्या युद्धसमाधी आयोगानं २०२१ मध्ये या भेदभावाची माफी मागितली. मला त्या माफीचं फार कौतुक नाही. शंभर वर्षं उशीर म्हणजे काय!

पण आयोगाची यादी आता इंटरनेटवर आहे. कित्येक शिपायांपुढं बापाचं नाव, गाव आणि सातारा असं लिहिलेलं सापडतं. मी रात्री बसून बघते. आपल्या गावाचं नाव साहेबानं कसं लिहिलं असेल देव जाणे, चार-पाच तऱ्हेनं शोधावं लागेल. तुम्ही एवढं करा: थोरल्याच्या बापाचं नाव भाऊकीत कुणाला आठवतं का विचारा, वाड्यातल्या ट्रंकेत पेन्शनचा जुना कागद आहे का बघा. आणि दादाला दगडाचा फोटो काढून पाठवायला सांगा. आधी ओल्या फडक्यानं पुसायला लावा. मागच्या दिवाळीला आले होते तेव्हा रंगाऱ्यानं भिंतीबरोबर त्याच्यावरही चुन्याचा हात मारलेला होता.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं की कळवा.

आपली,
राणी