घराआधी विहीर: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

सविनय नमस्कार.

श्रीलंकेतले गृहयुद्ध मे २००९ मध्ये थांबले. त्यानंतर भारताने तिथल्या ५०,००० घरांसाठी अनुदान दिले. पहिली १,००० घरे ठेकेदारामार्फत झाली. २ ऑक्टोबर २०१२ पासून उत्तर आणि पूर्व प्रांतात पद्धत बदलली. दर घरामागे साडेपाच लाख श्रीलंकन रुपये टप्प्याटप्प्याने थेट कुटुंबाच्या खात्यात जाऊ लागले आणि बांधकाम घरमालकाच्या हाती आले. हा बदल योग्यच होता. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर या दोन्ही वाटा महाराष्ट्राने शेजारी शेजारी पाहिल्या आहेत. नव्या जागी एका आखणीत बांधलेल्या गावांत गुरांना आणि कडब्याला जागा उरली नाही. जुन्या गावठाणात लोकांनी हप्त्याहप्त्याने मजबूत करून घेतलेली घरे मात्र त्यांच्या संसाराला बेतूनच झाली.

आपण १९८८ ते १९९० या काळात श्रीलंकेत होतात, तेव्हा हा मुलूख आपल्याला नव्याने सांगायला नको. आमचे म्हणणे पुढच्या मदतीच्या क्रमाबद्दल आहे. लष्कराच्या ताब्यातून सुटलेल्या आणि सुरुंगमुक्त झालेल्या जमिनींवर जी कुटुंबे परततात, त्यांना पहिला हप्ता विहिरीसाठी द्यावा, भिंतीसाठी नंतर.

श्रीलंकेच्या उत्तर टोकाच्या जाफना द्वीपकल्पाखाली चुनखडी आहे. पाऊस तिच्या भेगांतून झटकन खाली जातो आणि त्याच वाटेने शौचखड्ड्याचे पाणीही जाते. विहीर आणि शौचखड्डा यांच्यात १५ मीटर अंतर ठेवा, हा सर्वसाधारण नियम मातीत ठीक असतो. भेगाळ चुनखडीत त्यावर विसंबता येत नाही. तिथे तळासकट पक्की, गळती नसलेली सेप्टिक टाकी हवी आणि तिचे पाणी जमिनीच्या वर उचललेल्या वाळूच्या थरातून मुरले पाहिजे. साधा शोषखड्डा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात भूजल वर आले की तुंबतो आणि घाण थेट विहिरीत उतरते. म्हणून शौचालयाची जागा विहीर पाहून ठरवावी आणि घराचा आराखडा त्यानंतर करावा.

वर्षानुवर्षे पडीक राहिलेली विहीर नुसती उपसून चालत नाही. आवार सुरुंगमुक्त झाल्याचा दाखला मिळाला, तरी विहिरीचा तळ वेगळा तपासावा लागतो, कारण पळापळीत दारूगोळा विहिरीत टाकला गेलेला असू शकतो. ही तपासणी झाल्याशिवाय गाळ काढायला माणूस उतरवू नये. उतरवण्याआधी आतली हवाही तपासावी. कंदील विझला नाही एवढ्यावर समाधान मानू नये, कारण विषारी वायू कंदील न विझवताही असू शकतो. गाळ निघाल्यावर बांधकामाच्या वरच्या तीन मीटरमधले सांधे सिमेंटने बंद करावेत, कठडा उचलावा आणि भोवती बाहेर उतार असलेला ओटा घालावा. मग निर्जंतुकीकरण. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे १४,००० लिटर भरते. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरले तर ७०० ग्रॅम लागते, म्हणजे ३३ टक्के क्लोरीनची ताजी टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) दोन किलोंहून थोडी जास्त. दमट गोदामात पडून ती २० टक्क्यांवर आली असेल, तर साडेतीन किलो. चूक इथेच होते: पोत्यावरचा आकडा धरून मात्रा ठरते आणि विहीर जंतुमुक्त झाली असे समजले जाते. रात्रभर ठेवून, वास जाईपर्यंत उपसून, मग पाण्याची जिवाणू तपासणी करावी.

किनाऱ्यालगत एक खबरदारी महत्त्वाची आहे. तिथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. मोठा पंप लावून विहीर एका झटक्यात कोरडी केली की खालचे खारे पाणी वर चढते आणि पुष्कळ काळ उतरत नाही. छोटा पंप, थांबून थांबून उपसा आणि दर वेळी क्षारांचे मोजमाप, एवढे कराराच्या अटींत लिहिलेच पाहिजे.

आता हप्त्यांविषयी. या भागात बांधकामाचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर. आपल्याकडे मार्चअखेर असते, श्रीलंकेचे आर्थिक वर्ष डिसेंबरला संपते, आणि या दोन्हींच्या फटीत अडकलेला हप्ता ऑक्टोबरमध्ये पोचला तर पाया पाण्यात आणि सिमेंटची पोती दगड होतात. जोत्याचा हप्ता फेब्रुवारीत आणि छताचा ऑगस्टच्या आत, अशी बांधीलकी हवी. रक्कमही एकदा ठरवून गोठवू नये. २०२२ च्या संकटात भाव कसे चढले ते आपण जाणता. जुन्या आकड्यावर घर बांधायला निघालेले कुटुंब दागिने गहाण टाकते, कर्ज काढते, आणि गिलावा, दारे-खिडक्या राहूनच जातात. सिमेंट, सळई, वाळू आणि मिस्त्रीची मजुरी या चार भावांना जोडून हप्ता दर तिमाहीस बदलता येईल.

वाळूचा परवाना रखडला की किनाऱ्याची वाळू येते. तिच्यातल्या मिठाने सळई आतून गंजते आणि काही वर्षांत लिंटेलचे, म्हणजे दारा-खिडकीवरच्या आडव्या तुळईचे, काँक्रीट फुटते. परवाना लाभार्थ्याच्या यादीसोबतच निघाला पाहिजे. छपरासाठी लोकांना ताडाचे वासे हवे असतात, पण युद्धात ताड फार गेले आणि तोडायलाही परवाना लागतो, हे अंदाजपत्रक करणाऱ्याने आधी पाहावे. सिमेंटचे ठोकळे दोन-तीन दिवसांतच विकले जातात. निदान सात दिवस पाणी मारलेले ठोकळेच घ्यावेत, आणि त्यासाठी गावात एक प्रशिक्षित तपासनीस पगारावर ठेवावा. ज्या घरी बाई एकटी आहे, तिथे मजुरीची रक्कम वेगळी द्यावी, कारण मालकाने श्रमदान करावे ही अपेक्षा तिथे लागूच होत नाही.

शेवटी कागदांचा प्रश्न, आणि तो आम्हाला सर्वांत जास्त टोचतो. सरकारने परवान्यावर दिलेली जमीन बहुधा नवऱ्याच्या नावावर असते. नवरा बेपत्ता आहे आणि त्याच्या मृत्यूचा दाखला घ्यायला पत्नीचे मन तयार नाही, म्हणून तिचे नाव यादीतून मागे पडता कामा नये. श्रीलंकेने २०१६ मध्ये कायद्यात बदल करून बेपत्ता व्यक्तीबद्दल अनुपस्थितीचा दाखला देण्याची सोय केली आहे. हा दाखला भारताच्या अनुदानासाठी पुरेसा मानला जाईल, असे एक वाक्य पुढच्या करारात स्पष्ट शब्दांत घालावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.

आपले नम्र,
पुनर्बांधणी आणि ग्रामीण पाणीपुरवठा क्षेत्रात काम करणारे महाराष्ट्रातील अभियंते व तंत्रज्ञ