बऱ्हाणपूरचा शाही हमाम बघायचा तर

रावेर, जि. जळगाव
दि. 3 नोव्हेंबर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. मुलांना घेऊन बऱ्हाणपूरला यायचं ठरवलंस ते बेस केलंस. फक्त तू ‘राजवाड्यातला भव्य दरबार बघायचाय’ असं लिहिलंयस, म्हणून आधीच सांगून ठेवतो: दरबाराला आता छत नाही. शाही किल्ल्यात दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास म्हणून दाखवतात ते बहुतेक पडक्या भिंती आणि चौथरे. छतासकट धड उभं आणि मान वर करून बघावं असं दालन म्हणजे तिथला हमाम, म्हणजे न्हाणीघर. येणारे लोक दहा मिनिटांत बाहेर पडतात आणि ‘काही नाही भो तिथं’ म्हणतात. त्यांना डोळे अंधाराला सरावायलाच वेळ मिळालेला नसतो.

म्हणून क्रम असा ठेव. भुसावळहून खंडव्याकडे जाणारी सकाळची गाडी धर. सावदा, निंभोरा, रावेर करत गाडी बऱ्हाणपूरला येते. स्टेशन लालबागेत आहे, गावाबाहेर तीन-चार किलोमीटर. पण लगेच गावात शिरू नकोस, आधी तिथूनच रिक्षाने कुंडी भंडाऱ्याला, म्हणजे गावाला पाणी पुरवणाऱ्या जुन्या भुयारी कामाला, जा. हमाम कळायचा तर आधी पाणी कळलं पाहिजे.

हे काम 1615 मधलं, जहांगीराच्या काळातलं. मोगल सरदार अब्दुल रहीम खानखानान तेव्हा इथं होता आणि तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने जागा हेरली, असं सांगतात. सातपुड्याकडून जमिनीखालून तापीकडे झिरपणारं पाणी एका बोगद्यात धरलंय. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या आहेत. खोदताना माती वर काढायला, आत हवा जायला आणि पुढे गाळ उपसायला त्या लागत. मोट नाही, रहाट नाही. सगळं पाणी उताराने गावाकडे. उतार जास्त झाला तर बोगदा खरवडला जातो, कमी झाला तर गाळ बसतो, त्यामुळे कसब सगळं त्या बेताच्या ढाळात. लिफ्टने सुमारे 80 फूट खाली उतरता येतं. लिफ्ट लहान आहे आणि कधी बंदही असते, तेव्हा पोचल्याबरोबर चौकशी कर. पायात रबरी चपला असू देत, खाली पाण्यातून चालायचंय. भिंतीवर पांढरा जाड थर दिसेल, तो पाण्यातला चुना साठून झालेला. मुलांना तो फोडू देऊ नकोस.

मग गावात, तापीच्या काठावर, किल्ल्यात. हमामात शिरल्यावर पाच-सात मिनिटं काहीच करू नकोस, टॉर्चही लावू नकोस. मोगल हमामाची रचना ठरलेली असते: कपडे बदलायची खोली, गार खोली, गरम खोली. जाळ बाहेरच्या बाजूला, पाणी भिंतीत पुरलेल्या खापरी नळांतून आत. बाजूला मोठ्या खिडक्या ठेवल्या तर वाफ निघून जाते, म्हणून उजेड वरून घेतात. त्यामुळे उजेड एका जागी पडतो आणि बाकी छत सावलीत राहतं. चित्रं आहेत ती त्या सावलीत: वेलबुट्टी, फुलं, तारकाकृती पट्टे. तांबडा आणि हिरवा अजून ओळखू येतात.

आता टॉर्च काढ, पण सरळ वर मारू नकोस. रंग पांढरा पडतो, काही दिसत नाही. भिंतीच्या कडेला उभं राहून तिरपा झोत टाक. मग गिलाव्याचे उंचवटे, कारागिराने आखलेल्या रेघा, मागाहून बुजवलेल्या भेगा सगळं उठून दिसतं. मानेला रग लागते, त्यावर सोपा उपाय: फोन घुमटाच्या बरोबर मध्याखाली जमिनीवर पालथा न ठेवता उताणा ठेव, पुढचा कॅमेरा चालू कर, दहा सेकंदांचा टायमर लाव आणि बाजूला हो. मध्य चुकला तर नक्षी एका बाजूला ओढल्यासारखी येते, तेव्हा दोन-तीनदा सरकवून बघ. फ्लॅश नको.

खालच्या चार-पाच फुटांत चित्रं का नाहीत, हे मुलं विचारतीलच. जमिनीतली ओल भिंतीत चढते, वाळताना क्षार गिलाव्याच्या आत साखळतात आणि त्याला आतून फोडतात. आपल्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो तोच हा. वरून गळतं ते वेगळं: छताच्या भेगेतून पावसाचं पाणी उतरलं की रंगाचा पापुद्रा सुटतो. उरलेलं नुकसान पर्यटकांच्या नखांचं. जुन्या गिलाव्यावर सिमेंट थापलं तर आणखी वाईट. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं.

एका नक्षीकडे बोट दाखवून वाटाडे ‘हाच ताजमहालाचा नमुना’ म्हणतील. ऐकून घे, वाद घालू नकोस. खरं एवढंच की शाहजहान 1630 मध्ये दख्खनच्या मोहिमेवर इथं आला, 17 जून 1631 ला मुमताज इथंच बाळंतपणात गेली, तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तिला पुरलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. किल्ल्याच्या नदीकडच्या बाजूवरून तो पलीकडचा काठ दिसतो. दरबाराची हौस असेल तर चौथऱ्यावर उभं राहून टॉमस रोची हकीकत सांग: इंग्लंडच्या राजाचा हा वकील 1615 च्या नोव्हेंबरात इथं जहांगीराचा मुलगा शहजादा परवेझ याला भेटला, आणि नजराण्यातल्या बाटल्यांनी शहजाद्याची अशी झिंग झाली की पुढची भेट राहूनच गेली.

दुपारी ऊन उतरल्यावर खरबूजा महाल कर, शाहजहानचा मुलगा शाह शुजा याच्या बेगमेची कबर. लहानशी आहे, पण आतलं रंगकाम हमामापेक्षा बरंच शाबूत. हमामात काय गेलंय याचा अंदाज तिथंच येतो. जामा मशिदीत खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या राजा अलीखानाचा संस्कृत शिलालेख आहे, तोही चुकवू नकोस. नमाजाची वेळ टाळून जा.

मावा जिलेबी गरम असतानाच खा; थंड झाली की चिवट होते. घरी न्यायला दराबा ही इथली मिठाई घे, तो प्रवासात टिकतो. परतीच्या गाडीच्या निदान तासभर आधी गावातून रिक्षा धर, त्या रस्त्याला केळीच्या ट्रकांची रांग लागली की कुणाचं काही चालत नाही. वहिनींना नमस्कार. तारीख नक्की झाली की कळव, लिफ्ट चालू आहे का ते इथून विचारून ठेवतो.

तुझा,
प्रभाकर