जाहीर आभार

हातभट्टीची दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे पांढरे धुके दिसू लागलेल्या माझ्या थोरल्या भावाला खानापूरहून तातडीने बेळगावच्या रुग्णालयात पोहोचवणारे टेम्पोचालक आणि उरलेली बाटली जपून डॉक्टरांच्या हाती देणाऱ्या शेजारच्या मावशी यांचे आमचे कुटुंब मनःपूर्वक आभार मानते. अशा दारूत मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) मिसळलेले असेल, तर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनून दृष्टीच्या मज्जातंतूला इजा होते. पण लक्षणे दिसायला अनेकदा १२ ते २४ तास लागत असल्याने, नशा उतरली म्हणजे धोका टळला, असे समजून कितीतरी जण घरीच झोपून राहतात. वेळेवर डायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणे) झाले आणि भावाची नजर वाचली. रात्रपाळीच्या ज्या परिचारिकेने आमच्या आईला प्रत्येक गोष्ट मराठीतून धीराने समजावली, त्यांचेही आम्ही ऋणी आहोत.