स्टेचा कागद आणि नांगरलेलं शेत

मा. संपादक साहेब, नमस्कार.

जून लागला की तुमच्या पेपरात मराठवाड्याच्या पानावर बांधावरच्या हाणामारीच्या बातम्या सुरू होतात, डोकं फुटलं, दोन्हीकडून गुन्हे दाखल वगैरे. बऱ्याचदा शेवटच्या ओळीत असतं की या जमिनीचा दावा कोर्टात चालू असून मनाई हुकूम आहे. म्हणजे कोर्टानं नको म्हटलेलं असताना ट्रॅक्टर घातला. मग त्या हुकुमाचं काय झालं हे मात्र कधी छापून येत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या चुलतीच्या शेताचंच सांगतो. काका गेले, वाटणीचा वाद लागला, दावा पडला, तालुक्याच्या कोर्टातून तिला तूर्त मनाई मिळाली की तिच्या कब्जात कोणी हरकत करू नये. सगळे म्हणाले स्टे आला, आता घोर नाही. आणि पेरणीच्या तोंडावर समोरच्यांनी रात्रीतून रोटाव्हेटर फिरवून बांधच मोडला. पोलीस स्टेशनला गेलो तर दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. गावातले म्हणाले संभाजीनगरला हायकोर्टात कंटेम्प्ट, म्हणजे कोर्टाच्या अवमानाचा अर्ज, टाका, त्याला जेलच होईल. गरीब माणूस तिथंच थकतो, वकिलाची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च ऐकूनच गप बसतो.

पण ज्या कोर्टानं मनाई दिली त्याच कोर्टात अर्ज देता येतो, हे आमच्याकडं फार कमी लोकांना माहीत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 39 रूल 2अ आहे, त्यात हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येते आणि 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद देता येते. जप्ती एक वर्षापर्यंत राहते, तरीही हुकूम मोडणं चालूच असेल तर ती मालमत्ता विकून त्या पैशातून नुकसान भरपाई देता येते. 1971 चा कंटेम्प्टचा कायदा वेगळा, त्यात 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण खालच्या कोर्टाच्या अवमानाची शिक्षा तिथं हायकोर्टच देऊ शकतं, आणि खालीच उपाय आहे म्हणून साध्या जमिनीच्या भांडणात हायकोर्ट बहुतेक वेळा तिकडंच पाठवतं. परत हुकूम मोडायची भीती असली तर पोलीस बंदोबस्त मागायचा अर्जही त्याच कोर्टात देता येतो, आणि कोर्टाचा तसा आदेश असला की दिवाणी मॅटर म्हणून हात झटकता येत नाही.

समोरचे आणखी एक सांगत फिरतात की या कोर्टाला अधिकारच नाही, मग हुकूम कशाला पाळायचा. याचं उत्तर सुप्रीम कोर्टानं 1997 मध्येच तय्यबभाई बगसरवाला प्रकरणात दिलंय. पुढं अधिकार नव्हता असं ठरलं तरी तोपर्यंत दिलेली मनाई पाळावीच लागते, मोडली तर शिक्षा होऊ शकते.

मात्र कोर्ट कोणाला उगीच आत टाकत नाही, आणि ते बरोबरच आहे. समोरच्याला हुकूम माहीत होता आणि त्यानं जाणूनबुजून मोडला हे आपल्याला दाखवावं लागतं. इथंच आमची माणसं मार खातात. एकतर्फी, म्हणजे समोरच्याला न ऐकता, स्टे मिळाला की अर्जाची, शपथपत्राची आणि दाव्याची नक्कल समोरच्याला लगेच देऊन किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवून त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी तसं शपथपत्र द्यायचं असतं, आणि हुकूमही त्याच्यावर रीतसर बजावून घ्यायचा असतो, ते वकिलाकडं आठवणीनं विचारून करून घ्या नाहीतर तो सरळ म्हणतो मला काही माहीतच नव्हतं. दुसरं म्हणजे चतुःसीमा, जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दी. गटातले दोन एकर एवढंच लिहिलं आणि मोजणीचा नकाशा नसला तर ट्रॅक्टर कोणाच्या हद्दीत गेला हे कसं सांगणार? आणि सगळ्यात घोळ ‘जैसे थे’, म्हणजे आहे ते तसंच ठेवा, या हुकमाचा, कब्जा कोणाचा हेच त्यात लिहिलेलं नसतं, मग दोघंही आपापली पेरणी घेऊन एकाच वावरात उतरतात आणि तुमच्याकडं बातमी येते. वकील मंडळींना हात जोडून विनंती आहे, ‘जैसे थे’ मागताना कब्जा कोणाचा ते स्पष्ट लिहून मागा.

कोर्टावरचा बोजा आम्हाला दिसतो, पण 2अ चा अर्ज मूळ दाव्यासोबत वर्षानुवर्षे पडून राहिला तर तोवर समोरचा दरवर्षी पीक काढून घेतो आणि पुढं तोच कब्जा माझा म्हणून सांगतो. शेतजमिनीचे असे अर्ज पुढच्या पेरणीच्या आत निकाली निघावेत एवढंच आमचं मागणं आहे.

आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची गावोगावी शिबिरं होतात, त्यात मे महिन्यात हा एक विषय घ्यावा. बायकांना उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यातच आहे, हे विधवा बायांना कोणी सांगतच नाही. आमच्या चुलतीलाही उशिराच कळलं. तुम्ही हे पेरणीआधी छापलं तर लई उपकार होतील.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. परभणी